शारदेचं गोत्र

1999 साली मी नववीच्या वर्गाला एक कल्पनात्मक निबंध घातला होता : ‘शारदा आज असती तर’. ‘संगीत शारदा’ नाटकाला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. आमची शाळा मिरज तालुक्यातल्या एका खेड्यात. सूर्य उगवला नाही तर, मी मुख्याध्यापक झालो तर, असल्या निबंधांचा मला कंटाळा आला होता. म्हटलं, या वर्षी पोरांना जरा वेगळं काहीतरी देऊ.

आधी दोन तास नाटकाची गोष्ट सांगितली. तेराचौदा वर्षांची शारदा, पैशाला भुललेला तिचा बाप कांचनभट, काही करता न येणारी आई इंदिराकाकू, लग्न जुळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित, पंच्याहत्तरी गाठलेला भुजंगनाथ आणि या सगळ्यांत आडवा येणारा कोदंड. मग वह्या आल्या. बहुतेकींनी शारदेला फौजदार केलं होतं, दोघींनी कलेक्टर. एकीनं कोदंडाशी तिचं रजिस्टर लग्न लावून दोघांना पुण्यात वन रूम किचनही घेऊन दिलं होतं. एका मुलानं एकच वाक्य लिहिलं : ‘शारदा आज असती तर ती 114 वर्षांची असती व तिला ऐकू येत नसते.’

स्टाफरूममध्ये हे वाक्य वाचून दाखवल्यावर चहा सांडेपर्यंत हसलो आम्ही. मी त्याला दहापैकी दोन गुण दिले. आज सात देईन. कारण निवृत्तीनंतर इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाशी अधूनमधून झटापट करते आहे, तो त्या पोरानं एका ओळीत माझ्यापुढे टाकला होता, आणि मला वाटलं होतं की त्यानं गृहपाठ टाळलाय.

‘आज असती तर’ याचे अर्थ दोन. एक म्हणजे काळातून चालत चालत आजपर्यंत येणं. हा अश्वत्थाम्याचा मार्ग. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. धनत्रयोदशीच्या सुमाराला तिथं यात्रा भरते, आदिवासी तरुण रात्रीचे डोंगर चढून जातात, कारण तिथं अश्वत्थामा आहे अशी श्रद्धा. आमच्या लहानपणी घरोघर सांगत, की तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत दारोदार हिंडतो. तो कुठल्याही काळात भेटला तरी ‘हा तोच कशावरून’ असं कुणी विचारत नाही. मणी काढून घेतल्याची जखम त्याच्याबरोबर आहे. एकेक दिवस मोजत, एकही न गाळता तो इथवर आलाय.

शारदेला ती सोय नाही. पडदा पडला की तिला दुसरा दिवसच उजाडत नाही. आणि नाटकाआधीचेही दिवस नाहीत. दहा वर्षांची शारदा कधी कुणी पाहिली? देवलांनी लिहिलंच नाही, म्हणजे ती नव्हतीच. मग उरतो दुसरा अर्थ : तिला आजच जन्माला घालायचं. पण आज जी जन्मेल ती शारदाच, हे कशावरून ओळखायचं? नाव शारदा ठेवलं म्हणून? आमच्या त्याच वर्गात दोन शारदा होत्या.

हा प्रश्न मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारला. अण्णा नारदीय परंपरेतले कीर्तनकार. हरिपूरला कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथल्या संगमेश्वराच्या देवळात त्यांची कीर्तनं मी परकर-पोलक्यात असल्यापासून ऐकलेली. पूर्वरंगात ते शांतपणे वेदान्त सांगत आणि उत्तररंगात आख्यान लागलं की कुणालाही कुठल्याही काळात आणून बसवत. त्यांचा सुदामा द्वारकेला निघताना मिरजेच्या स्टँडवर मोटारीची चौकशी करायचा. तिकिटाला पैसे कमी पडायचे, कंडक्टर त्याला खाली उतरवायचा, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावायच्या. द्वापरयुगात एसटी कुठली, असं त्यांतल्या एकीनंही कधी विचारलं नाही.

अण्णा म्हणाले, “हे बघ, सुदाम्याला चप्पल दे, सायकल दे, चष्मा लाव. काही बिघडत नाही. फक्त त्याच्या काखेतली पोह्यांची पुरचुंडी काढून घेऊ नकोस. ती काढलीस की मग तो कुणी गरीब ब्राह्मण, सुदामा नव्हे.”

“म्हणजे पुरचुंडी हा त्याचा आत्मा?”

“आत्मा कसला! खूण. बायकोनं चार घरी मागून बांधून दिलेली आणि मित्रासमोर काढायला लाज वाटणारी वस्तू. ती लाज पाहिजे. पोह्यांच्या जागी बिस्किटाचा पुडा आणलास तरी चालेल, लाज मात्र आण.”

कुठल्याही पात्राला दुसऱ्या काळात नेताना लावायची कसोटी म्हणून ही मला अजूनही पटते. पात्राची पुरचुंडी शोधायची. ती नव्या काळात बांधता आली तर पात्र आलं, नाहीतर नुसतं नाव आलं.

खुद्द देवल या उद्योगात मुरलेले होते. त्यांनी ऑथेल्लोला मराठी मातीत आणून 1890 साली ‘झुंजारराव’ केला. मोलिएरचा सतराव्या शतकातला संशयी नवरा एका इंग्रजी नाटकाच्या वाटेनं त्यांच्या हाती लागला. 1893 मध्ये त्याचा फाल्गुनराव झाला, आणि 1916 मध्ये तोच पदं घेऊन ‘संशयकल्लोळ’मधून उभा राहिला. आज फाल्गुनराव फ्रेंच आहे असं सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, इतका तो इथला झाला. संशयाला सरकार लागत नाही, शास्त्र लागत नाही. बायको, एक तसबीर आणि रिकामा वेळ एवढ्यावर तो कुठेही रुजतो. पुरचुंडी हलकी आहे.

हरिपुरात पूर्वी हळदीची पेवं होती. जमिनीच्या पोटात खोल खणलेली, माणूस जेमतेम उतरेल एवढ्या तोंडाची. त्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हे लहान पोरांनाही ठाऊक असे. आतली हवा जीव घेते. तोंड उघडून ठेवायचं, वारं जाऊ द्यायचं, मग उतरायचं. शंभर वर्षं बंद असलेल्या नाटकात आम्ही नववीचा वर्ग तसाच धडाधड उतरवला होता.

आता शारदेची पुरचुंडी. पहिला अंदाज वयाचा. तेराचौदा वर्षांच्या मुलीचं लग्न हा 1899 मध्ये गुन्हा नव्हता. त्याआधी आठच वर्षं, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला होता आणि त्यानं दहाची मर्यादा बारावर नेली, एवढ्यावरूनच पुण्यात रणकंदन माजलं होतं. मग 1929 चा कायदा आला. त्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. या कायद्याचं नाव शारदा कायदा, आणि देवलांच्या शारदेवरूनच ते पडलं असं मानणारे मराठीचे शिक्षकसुद्धा मला भेटलेत. प्रत्यक्षात ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडांचं. त्यांचं आडनाव आणि आपली नायिका यांची गाठ नुसत्या उच्चारानं पडली. एरवी मी असल्या योगायोगांना भाव देत नाही. पण या चुकीत एक गंमत आहे. रंगमंचावरच्या मुलीनं कायदा करवून घेतला, असं लोकांना वाटावंसं वाटलं. अर्थात चौदा पूर्ण झालेल्या शारदेला त्या कायद्यानं वाचवलं नसतंच. अठराची अट यायला 1978 उजाडलं.

म्हणजे आजच्या शारदेला कायदा वाचवेल? कागदावर, हो. 2006 चा कायदा आहे. आपल्याकडे खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. 1098 या क्रमांकावर कुणीही फोन करू शकतं. कोदंडाला स्वतः धावत यायची गरज नाही, त्यानं मोबाइल काढला तरी पुरे. आणि तरीही 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी सुमारे 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. माझ्या विद्यार्थिनींनी फौजदार केलेल्या शारदा त्या 22 टक्क्यांत नसाव्यात अशी आशा.

भुजंगनाथाची मला चिंता नाही. तो कुठल्याही काळात मजेत राहील. कलप घरपोच येईल, विवाहमंडळाच्या यादीत ‘अनुरूप वधू हवी, अपेक्षा नाही’ असं लिहून मोकळा होईल. आणि मुलगी अठराची झाली की कायदाही त्याला अडवत नाही. वधूवरांत अंतर किती असावं यावर आपल्या कायद्यात बंधन नाही.

पण मला खरं अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. नाटकात लग्न मोडतं कशानं? सुधारकांच्या भाषणांनी? पंच्याहत्तर आणि चौदा ही वजाबाकी कुणाला चुकीची वाटली म्हणून? नाही. वधू आणि वर सगोत्र निघतात म्हणून. ऐन लग्नात ही गोष्ट पुढे येते आणि सगळं थांबतं. मग नवाच पेच. अर्धवट लग्न लागलेली ही मुलगी आता कुणाची? ती जीव द्यायला नदीकडे जाते, कोदंड तिला परत आणतो, आणि शेवटी शंकराचार्यांची आज्ञा मिळाल्यावर दोघांचं लग्न होतं. कोदंडाच्या सगळ्या तळमळीपेक्षा भारी पडलं ते कुणा प्राचीन ऋषीचं नाव, दोन्ही घरांनी एकच लावलेलं. देवल कसलेले नाटककार. ज्या शास्त्रानं मुलीला अडकवलं त्याच शास्त्राच्या फटीतून त्यांनी तिला बाहेर काढलं. 1899 च्या प्रेक्षकाला दुसरी कुठली फट पटलीही नसती.

आणि नेमकी ती फट आज नाही! सगोत्र विवाहाची अडचण 1946 च्या कायद्यानं काढून टाकली. आपण सगळे याला सुधारणा म्हणतो, मीही म्हणते. पण शारदेला आज आणून बसवा, भुजंगनाथासमोर पाटावर उभी करा, अंतरपाट धरा. मुलगी अठराची आहे. गोत्र एक निघालं. भटजी म्हणतील, चालतं हो हल्ली. आणि मंगलाष्टकं पुढे चालू होतील.

1972 च्या सुमाराला सांगलीत एका हौशी मंडळानं ‘शारदा’चा प्रयोग केला होता. मी आजीला घेऊन गेले. आजी म्हणजे अण्णांची आई. बारा वर्षांची असताना तिचं लग्न अडतीस वर्षांच्या बिजवराशी झालं होतं. आजोबांचा स्वभाव चांगला होता म्हणे. मी त्यांना फोटोतच पाहिलं. भुजंगनाथाच्या प्रवेशांना आजी सगळ्यांबरोबर पोट धरून हसत होती. मला ते विचित्र वाटलं. परत येताना टांग्यात मी तिला विचारलं, “आजी, कसं वाटलं गं?” ती बराच वेळ काही बोलली नाही. घर जवळ आल्यावर म्हणाली, “शारदेचं बरं झालं. गोत्र एक निघालं. माझं नाही निघालं.”

तिनं ते कुरकुरीच्या सुरात म्हटलं नव्हतं. लॉटरीचा एखादा आकडा चुकावा तसं म्हणाली. तेव्हा मी एम.ए. करत होते आणि माझ्या डोक्यात शोकात्मिकेचे सिद्धान्त भरलेले होते. आजीच्या या वाक्याला त्यात कुठे खण नव्हता. ती स्वतःला शारदेच्या काळात कल्पत नव्हती, शारदेला स्वतःच्या काळातही आणत नव्हती. दोघींना एकाच रांगेत उभं करून कुणाचं नाव पुकारलं गेलं आणि कुणाचं नाही, एवढंच ती पाहत होती.

1999 मध्ये, निबंध तपासून झाल्यावर, हे सगळं मी पुन्हा अण्णांपुढे मांडलं. त्यांनी गीतेतला वस्त्रांचा दृष्टान्त काढला. देह ही वस्त्रं, काळही वस्त्रच, आत नेसणारा तोच. म्हणून शारदा कुठल्याही युगात शारदाच. मी म्हटलं, अण्णा, हा न्याय जिवंत माणसाला लागू असेल. त्याला पूर्वकर्म आहे, वासना आहे, पुढचा जन्म घ्यायला काहीतरी शिल्लक आहे. शारदेच्या गाठीशी काय आहे? पाच अंकांतली वाक्यं आणि काही पदं. तिच्या आत नेसणारं कुणी नाहीच. उलट पहिल्या प्रयोगापासून कित्येक वर्षं शारदेचं लुगडं पुरुषच नेसत होते, आणि तरी ती शारदाच होती.

बोलता बोलता माझं मलाच काहीतरी सापडलं. दृष्टान्त उलटा लावला तर? नेसणारा कायम आणि वस्त्रं बदलती असं म्हणण्याऐवजी वस्त्र कायम आणि नेसणारे बदलते. शारदा हे एक लुगडं आहे. देवलांनी ते विणलं असंही नाही. त्यांनी ते दांडीवर टांगलं, सगळ्यांना दिसेल असं. आजीनं ते नेसलं होतं, तिच्या आधी तिच्या आईनं. थोरलीचं धाकटीला, तिचं तिच्या धाकटीला, तसं ते फिरत आलंय. मग पात्राला दुसऱ्या काळात न्यायचं म्हणजे त्याला इकडून उचलून तिकडे ठेवायचं नसतं. तिथं ते आधीच कुणाच्या तरी अंगावर आहे का, हे बघायचं असतं.

अण्णांना हे आवडलं नाही. “मग आत्म्याचं काय केलंस?” असं त्यांनी विचारलं. मी त्यांना ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातल्या नागसेनाची आठवण करून दिली. रात्रीच्या पहिल्या प्रहराची दिव्याची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का, असा त्याचा सवाल. तीच नाही आणि वेगळीही नाही; तेवत मात्र रात्रभर आहे. कुणी आत न बसता एक गोष्ट एकीकडून दुसरीकडे जाऊ शकते, हे मला तिथं पहिल्यांदा समजलं. ग्रीक राजा मिलिंदाला ते पटलं. हरिपूरच्या कीर्तनकाराला नाही. ते म्हणाले, “ज्योत सांगितलीस, लुगडं सांगितलंस. पोळतं कुणाला, ते सांग. पोळणारं कुणीतरी आत असल्याशिवाय कसं पोळेल?” याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. अण्णा जाऊन वीस वर्षं झाली. अजून नाही.

एक मात्र त्यांनी जाता जाता सांगितलं आणि ते मी धरून ठेवलंय. शारदेची पुरचुंडी वय नव्हे, असं ते म्हणाले. “सगळं नाटक परत वाच. बाप बोलतो, दीक्षित बोलतो, कोदंड बोलतो, गोत्राचा निर्णय होतो, पीठावरून आज्ञा येते. तिला गाणी आहेत भरपूर. पण लग्न ठरवताना तिला विचारतं का कुणी? आणि मोडताना तरी?” मी परत वाचलं. सोडवणारेही तिच्याबद्दल आपापसात बोलतात. सुदाम्याची लाज तशी शारदेची ही न विचारलेली जागा. ती बिस्किटाच्या पुड्यासारखी कुठल्याही कागदात बांधता येते.

आता राहिली एक वही.

त्या वर्गात जत तालुक्यातून आलेली एक मुलगी होती. मामाकडे राहायची. दुष्काळी गाव, आईबाप दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथं नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस अर्धा कोयता. त्यामुळे मुलगा हाताशी आला की त्याचा कोयता पुरा करायची घाई सुरू होते, आणि मुलीच्या घरीही, तिला एकटी मागे ठेवायची कुठे, ही घाई असतेच. नाटकात जे काम कांचनभटाच्या लोभानं केलं ते इथं कुणी लोभी नसतानाही होतं. खलनायक शोधायला गेलात तर उचलीच्या हिशेबाची वही सापडेल.

त्या मुलीनं तीन वाक्यं लिहिली होती. शारदा आज असती तर ती माझ्या बाकावर बसली असती. तिचं अक्षर चांगलं असतं. दिवाळीनंतर ते बाक रिकामं असतं.

व्याकरण बरोबर होतं. शुद्धलेखनाची एकच चूक. मी दहापैकी चार गुण दिले आणि खाली लाल शाईनं ‘विस्तार हवा’ असा शेरा मारला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा ती आली नाही. वर्गशिक्षकांच्या हजेरीत काही दिवस गैरहजेरी लागली, मग ‘नाव कमी’. शेजारच्या बाकावरची म्हणाली, “तिचं लग्न झालं बाई. जोडी कोयत्याला गेली.”

पण हे सगळं नंतरचं. वह्या परत दिल्या त्या दिवशी, मधल्या सुट्टीत, ती शेरा वाचून माझ्या टेबलाशी आली होती. वही उघडी धरून उभी राहिली. मी दुसऱ्या तुकडीची बेरीज करत होते.

“बाई, विस्तार किती करायचा?”

“दीड पान तरी,” मी मान वर न करता म्हटलं.

ती बरं म्हणाली आणि वही मिटून जागेवर जाऊन बसली.